पेपरात प्रश्नच उतरवून काढणारी माझी नववी

खडूफळा

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. मन मोकळं करायचं आहे, आणि सल्लाही मनापासून हवा आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी गणित शिकवतो. सतरावं वर्ष चालू आहे. यंदा नववी ब चा वर्गशिक्षक आहे, पटावर ५४ मुलं-मुली. दिवाळीच्या सुट्टीत प्रथम सत्राचे पेपर तपासायला घेतले. गणित भाग १, ४० गुणांचा. संच, वास्तव संख्या, बहुपदी, गुणोत्तर आणि प्रमाण. ५४ पैकी १५ जणांना आठाच्या आत गुण. त्यातले ६ पेपर कोरे. कोऱ्या पेपराचं मी एक वेळ समजू शकतो. उरलेल्या ९ जणांनी प्रश्नपत्रिकाच उत्तरपत्रिकेत उतरवून काढली आहे.

ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. डावीकडे पट्टीने आखलेला समास. 'प्र. १ ला' खाली दुहेरी रेघ. मग 'खालीलपैकी कोणत्याही चार उपप्रश्नांची उत्तरे लिहा' हे वाक्य जसंच्या तसं, त्याखाली उपप्रश्न एकामागून एक, शब्दन् शब्द. एकाही ठिकाणी उकल नाही. एकाने तर पुरवणी घेतली आहे. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. दोन तास हा मुलगा मान खाली घालून लिहीत होता आणि त्याने एकही गणित सोडवायचा प्रयत्न केला नाही. तो पेपर हातात घेऊन मी बराच वेळ नुसता बसून राहिलो.

मी काही केलं नाही असं नाही. रोज दोनच गणितं गृहपाठाला देतो. सकाळी प्रार्थनेआधी सायकल स्टँडवर एकाच पोराची वही फिरते. त्याने चिन्ह चुकवलं की तीस वह्यांत तेच चिन्ह चुकतं. पालकसभा घेतली, ११ पालक आले, आणि ज्यांना भेटायचं होतं त्यातला एकही नव्हता. फोन केला तर 'सर, तुम्हीच बघा, आमचं ऐकत नाही' हे उत्तर. एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, 'बाळा, दहावीला काय करशील?' तर म्हणतो, 'बघू सर.' त्या 'बघू'मध्ये भीती नसते, उद्धटपणाही नसतो. काहीच नसतं.

आता जे खरं बोलायचं आहे ते. मला या मुलांचा राग यायला लागला आहे. आधी कधी येत नव्हता. पहिली दहा-बारा वर्षं मी वर्गात जायचो तेव्हा पाय आपोआप उचलायचे. आता चौथ्या तासाची घंटा झाली की दाराशी क्षणभर थांबतो. मागच्या तीन बाकांकडे न बघता शिकवायची सवय लागली आहे. पुढच्या वीस जणांसाठी शिकवतो, ३५ मिनिटं संपतात, हजेरी घेऊन बाहेर पडतो. परवा लक्षात आलं की मागच्या बाकावरच्या एका मुलीचं नाव मला चटकन आठवलं नाही. नोव्हेंबर महिना चालू आहे. मला लाज वाटली.

वरून दोन्हीकडून दाब. एकीकडे 'नववीत कोणाला ठेवू नका, पट कमी झाला तर तुकडी जाते, शिक्षक अतिरिक्त होतो.' दुसरीकडे 'दहावीचा निकाल शंभर टक्के पाहिजे.' या दोन्हीतून वाट कशी काढतात ते शिक्षकांना माहीत आहे. कच्च्या पोराच्या बापाला बोलावून गोड शब्दांत सांगायचं, दाखला काढा आणि १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून दहावीला बसायचा अर्ज, भरा. अशा दाखल्यांसाठी काढलेल्या तीन निकालपत्रकांवर माझी सही आहे.

ज्याला शिकायचंच नाही अशा मुलाचं शिक्षकाने काय करायचं? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

चाळीस_वर्षांपूर्वी

सर, तुमची तळमळ पोचली. पण मूळ दुखणं एकच आहे, नापास करणं बंद केलं. आमच्या वेळी पाचवीत बसलेला मुलगा दुसऱ्या वर्षी झक मारत अभ्यास करायचा. आता आठवीपर्यंत ढकलत आणायचं आणि नववीत तुमच्या गळ्यात मारायचं. परीक्षेची भीती गेली की अभ्यास गेला. परत पहिलीपासून नापास करायला लागा, दोन वर्षांत फरक दिसेल.

निवृत्त_बाई

मी एकतीस वर्षं नोकरी केली, शेवटची सहा मुख्याध्यापिका म्हणून. आधी वरच्या प्रतिसादाविषयी, कारण हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत त्याच वर्गात ठेवणं बंद झालं. २०१९ मध्ये संसदेने दुरुस्ती करून पाचवी आणि आठवीत परत थांबवायची मुभा राज्यांना दिली. आपल्या राज्याने २०२३ मध्ये नियम बदलून या दोन्ही इयत्तांना वार्षिक परीक्षा आणली. नापास झाला तर पुरवणी शिकवणी, मग पुनर्परीक्षा, त्यातही नाही झाला तर त्याच वर्गात. म्हणजे सरांची ही नववी गेल्या वर्षी आठवीची ती परीक्षा देऊनच वर आली आहे. तरी पेपर कोरे आहेत.

आणि 'आमच्या वेळी' बसलेली मुलं सुधारायची हे अर्धं खरं. मी १९८८ साली नोकरीला लागले तेव्हाची जुनी हजेरीपटं मी पाहिली आहेत. पाचवीत दोनदा बसलेली मुलं सातवीच्या पटावर सापडत नाहीत. ती सुधारली नव्हती, घरी गेली होती. तुम्हाला आठवतात ते तुमच्या सोबत दहावीपर्यंत पोचलेले. जे वाटेत गळाले त्यांची आठवण कोण ठेवतं?

मूल्यमापनातला दोष मात्र मी मान्य करते. ढकलायचं नाही तर शिकवायचं, असा त्या कायद्याचा अर्थ होता. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात मूल कुठे अडलं ते दर काही दिवसांनी पाहून तिथेच हात द्यायचा होता. आपण वर्णनात्मक नोंदी भरल्या. 'गणितात रुची घेतो.' 'वर्गकार्यात सहभागी होतो.' मीही अशा नोंदींवर सह्या केल्या आहेत.

आता सर, तुमच्यासाठी. त्या १५ जणांना एकेकट्याला बोलवा, इतर कोणी नको. दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद मोठ्याने वाचायला द्या. मग एक भागाकार, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने. उदाहरणार्थ ८४७ भागिले ७. गुण देऊ नका, वहीत फक्त खूण करा. 'असर' या शैक्षणिक पाहणीने २०२३ मध्ये १४ ते १८ वयोगटाची देशभरातल्या काही जिल्ह्यांत अशीच तपासणी केली होती. तीत सुमारे २५ टक्के मुलांना प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सरळ वाचता आला नाही, आणि असा भागाकार फक्त ४३ टक्क्यांच्या आसपास मुलांना जमला. तुमची मुलं याच वयाची आहेत. बहुपदी बाजूला ठेवा आणि आधी हे पाहा. 'शिकायचं नाही' हा निकाल त्यानंतर द्या.

पगार_किती

माफ करा, पण विचारतोच. अनुदानित शाळेतल्या सतरा वर्षं जुन्या शिक्षकाला पगार चांगला असतो. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी. आणि ५४ पैकी १५ मुलांना काही येत नाही हे नोव्हेंबरमध्ये कळतं? खाजगी कंपनीत असं चाललं असतं का? माझा पुतण्या अशाच एका शाळेत आहे, त्याला तास कधी झाला तेही आठवत नाही.

खडूफळा

पगार_किती, तुमचा राग मी अंगावर घेतो. नोव्हेंबरमध्ये कळलं हे खरं नाही, जूनपासून कळत होतं. मी त्याकडे पाहणं टाळत होतो, ते जास्त वाईट आहे. पगाराबद्दलही तुमचं बरोबर आहे, मला वेळेवर आणि पुरेसा मिळतो. माझ्या शेजारच्या वर्गावरचा तरुण शिक्षणसेवक महिना १८,००० वर तेच काम करतो.

वेळेचा हिशेब फक्त सांगतो, तक्रार म्हणून नाही. जूनपासून आत्तापर्यंत मतदार यादीचं काम, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, आधार जुळणी, विद्यार्थ्यांच्या 'अपार' ओळख क्रमांकाची संमतिपत्रं, शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज. एका मुलाच्या आधारवर बापाचं नाव एक आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला दुसरं, एवढ्यासाठी मी तीन दिवस तालुक्याला गेलो. त्या तीन दिवसांत माझ्या वर्गावर बदली तासाला जो कोणी गेला त्याने 'गप्प बसा, अभ्यास करा' एवढंच सांगितलं असणार. तुमच्या पुतण्याला तास आठवत नाही तो यामुळेही असेल. त्याने आमची जबाबदारी संपत नाही.

निवृत्त_बाई, तुमचं वाचून एक हिशेब मांडला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ही मुलं तिसरीत होती. चौथीचं अख्खं वर्ष, २०२०-२१, त्यांनी शाळेचं दार पाहिलं नाही, कारण त्या वर्षी पुढे पाचवीपासूनचे वर्ग उघडले पण पहिली ते चौथी बंदच राहिले. मग पाचवीत, ऑक्टोबर २०२१ मध्ये, ग्रामीण भागातले वर्ग परत भरले तेव्हा ही वर्गात येऊन बसली. मोठा भागाकार आणि अपूर्णांकांची तोंडओळख नेमकी याच काळात पक्की व्हायची असते. घरात एक फोन, तोही बापाकडे. सतरा वर्षं गणित शिकवतोय आणि हा साधा हिशेब मी आजपर्यंत केला नव्हता. सोमवारपासून तुमची चाचणी घेतो.

ऊसपट्टा

मी बीड जिल्ह्यात शिकवतो. तुमच्याकडं निदान मुलं वर्गात तरी हायेत. आमच्याकडं दिवाळी झाली की निम्मा वर्ग रिकामा. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असती, आईबाप कोयता घेऊन निघतात, मागं आजी असली तर पोरगं राहतं, नसली तर बैलगाडीत. कारखाने ऑक्टोबर-नोव्हेंबरला पेटतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतात. म्हणजे शाळेचं दुसरं सत्र जवळजवळ सगळं. हंगामी वसतिगृहाची सोय आहे, गावातच आजी-आजोबांकडं ठेवून जेवणाचा खर्च देतात, त्याने लहान पोरांचं बरंच सावरलं. पण चौदा-पंधराचं पोरगं असलं तर ते आईबापासोबत मोळ्या उचलायला लागतं आणि पोरगी असली तर कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, स्वयंपाक आणि धाकटं भावंड. नाहीतर तिचं लग्न. गेल्या वर्षी माझ्या नववीतली एक हुशार पोरगी दिवाळीनंतर आली नाही. एप्रिलमध्ये दिसली ती मंगळसूत्र घालून.

हे का लिहितोय तर पोरगं एप्रिलला परत येऊन बसतं तेव्हा तेही 'बघू सर' म्हणतं. त्याला विचारण्यात अर्थ नसतो. त्याचं पुढचं वर्ष त्याच्या हातात नाही हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

अजून एक. आठवीपर्यंत शाळेत खिचडी मिळते. नववीला बंद. आमच्याकडं नववीच्या पहिल्या महिन्यात गळती का वाढते याचं कारण मोठमोठ्या अहवालांत शोधायची गरज नाही.

आई_नोकरदार

मी दुसऱ्या बाजूची. ठाण्यात राहतो, मुलगा नववीत, इंग्रजी माध्यम, क्लासची फी वर्षाला ६०,००० भरतो. त्याला ना उसाचं संकट ना भाकरीचं. तरी गणितात ११. रात्री दोनपर्यंत पांघरुणात मोबाइल. काढून घेतला तर दोन दिवस जेवला नाही. शाळेतून बाई फोन करतात तेव्हा मी 'तुम्हीच बघा' असं म्हणणाऱ्यांपैकी आहे. सर, ते वाक्य वाचून वाईट वाटलं, कारण मी ते म्हणते तेव्हा जबाबदारी झटकत नसते. मला खरंच काय करावं सुचत नसतं आणि ऑफिसात सगळ्यांसमोर फोनवर रडता येत नाही.

गरिबीनेच होतं असं नाही एवढंच सांगायचं होतं.

दहावी_तीनदा

मी या साइटवर शेतीचे धागे वाचायला येतो. हा धागा दोन रात्री वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं. शुद्धलेखनाला माफी असावी.

मी तो पोरगा आहे, पेपरात प्रश्न लिहिणारा. दहावीला गणितात तीनदा गेलो. मार्च, ऑक्टोबर, परत मार्च. त्या वेळी फेरपरीक्षा ऑक्टोबरलाच असायची, आतासारखी जून-जुलैला नव्हती.

सर, तुम्ही विचारलं, त्याने एकही गणित सोडवायचा प्रयत्न का केला नाही. सांगतो. परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्या दहा मिनिटांत तुम्हाला कळतं की काही येत नाही. उठून जाता येत नाही, अर्धा तास बसावंच लागतं, आणि अर्ध्या तासाने उठलं की सगळा हॉल बघतो. अजून दीड तास उरतो. सगळे लिहीत असतात. पेनांचा आवाज येतो. त्यात तुम्ही एकटे हात बांधून बसलेले. शेजारून सुपरव्हायझर जातो, पेपरावर नजर टाकतो, काही बोलत नाही, पण जातो. मग हात हलता ठेवायला काहीतरी लिहायचं. प्रश्न समोर छापलेले असतात. ते लिहायचे. छान अक्षरात लिहायचे, कारण तेवढंच येतं. घरी विचारलं तर सांगता येतं, पेपर पूर्ण लिहिला. ते खोटं नसतं.

मला चौथीपासून भागाकार येत नव्हता. कोणाला सांगितलं नाही. पाचवीत एकदा फळ्याकडं बोलावलं, येईना, गुरुजी म्हणाले, 'बस ढ.' वर्ग हसला. त्यानंतर मी ठरवून मागं बसलो आणि आधी मीच हसायला लागलो. दंगा करणारा म्हणून नाव झालं. दंगेखोर म्हणून ओरडा खाल्लेला परवडतो, ढ म्हणून नाही. तुमच्या वर्गात जे सगळ्यात जास्त खिदळतात त्यांना ती बाईंनी सांगितलेली तपासणी पहिली घ्या.

आज माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटरी. २४ खाचांचा स्टेटर आला तर तीन फेजला वाटून प्रत्येकी आठ खाचा, एका कॉइलला किती वेढे, तारेचा गेज कोणता, जुनी तांब्याची तार वजन करून नवी किती लागेल, हे मी दिवसभर करतो. हाताखाली दोन पोरं आहेत. हे सगळं भागाकारच होतं हे मला तिशी उलटल्यावर पोरीचा अभ्यास घेताना कळलं. तिच्या तिसरीच्या पुस्तकात मी भागाकार शिकलो, ती झोपल्यावर. एका आठवड्यात आला. एका आठवड्याचं काम होतं, सर. त्यापायी तीन परीक्षा गेल्या.

शिकलो नाही तरी चाललं असं यातून कोणी काढू नये. डिप्लोमा करायचा होता. बँकेत कर्जाच्या कागदावर व्याज कसं लावलंय ते विचारायला आजही मला लाज वाटते, आणि त्यात एकदा फसलोही आहे.

चाळीस_वर्षांपूर्वी

दहावी_तीनदा, तुमची पोस्ट वाचून मी माझा पहिला प्रतिसाद पुन्हा वाचला. आमच्या वर्गातही असा एक होता. त्याला आम्ही 'मुक्काम पोस्ट पाचवी' म्हणायचो. तो पुढे कुठे गेला ते मला ठाऊक नाही, आणि कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. परीक्षा हवी हे माझं मत अजून कायम आहे. पण नापास केल्यावर त्या मुलाला परत तोच तास, तेच पुस्तक आणि तेच मास्तर देत होतो, याचा विचार मी केला नव्हता.

निवृत्त_बाई

परीक्षा हवीच, माझंही तेच म्हणणं आहे. फक्त निकालाच्या टक्क्यांना फार जीव लावू नये. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषांचे तोंडी परीक्षेचे गुण काढले तर ७७.१० वर आला. ते गुण परत दिले आणि २०२० मध्ये ९५.३० झाला. २०२१ मध्ये करोनामुळे लेखी परीक्षा झालीच नाही, तेव्हा ९९.९५. चारही वर्षांत मुलं तशीच होती, शिक्षक तेच होते. असेच आकडे बघत मी नोकरीची शेवटची वर्षं काढली. त्यातला एकही आकडा मला सांगू शकत नव्हता की माझ्या शाळेतल्या कोणत्या मुलीला ८४७ भागिले ७ येत नाही.

मुलाच्या इयत्तेकडे न बघता त्याला जे येतं तिथून सुरुवात करायची, ही वाट नवी नाही आणि बाहेरून आलेलीही नाही. मुंबईच्या महापालिका शाळांत आणि बडोद्यात २००० च्या सुमारास 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने बालसखी म्हणून उपक्रम चालवला. वस्तीतलीच शिकलेली तरुण मुलगी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळं घेऊन बसायची, फक्त वाचन आणि साधं गणित. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी त्याची मोजदाद केली, पुढे २०१९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यात सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात मागे असलेल्या मुलांना झाला. ती मुलं तिसरी-चौथीतली होती. नववीतल्या मुलाला मिसरूड फुटलेलं असतं, त्याचा मान सांभाळावा लागतो, म्हणून तुमचं काम जास्त अवघड आहे.

खडूफळा

तीन आठवड्यांनी लिहितोय. उशिराबद्दल क्षमस्व, मध्ये प्रशिक्षण होतं.

१५ जणांची तपासणी एकेकट्याने घेतली, प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत. वाचन ११ जणांना येतं. ३ जण अक्षर अक्षर जुळवून वाचतात. एका मुलीला जोडाक्षर आलं की थांबावं लागतं, ती अंदाजाने पुढचा शब्द घेते. नववीत आहे. विज्ञानाचं पुस्तक तिच्या हातात गेले पाच महिने आहे. भागाकार १५ पैकी फक्त २ जणांना आला. ते दोघं, दहावी_तीनदा, तुम्ही म्हणालात तसे खिदळणाऱ्यांतले नव्हते. खिदळणारे चौघेही ८४७ मधला ८ ला ७ ने भाग लावून पुढे काय करायचं तिथे अडकले. एकजण म्हणाला, 'सर, मोबाइलवर करतो की.' मग गप्प झाला.

ज्याने पुरवणी घेतली होती त्याला शेवटी बोलावलं. भागाकार त्याला आला नाही. मी विचारलं, 'पुरवणी कशाला घेतलीस?' आधी बोलेना. मग म्हणाला, 'सर, प्रश्न अजून राहिले होते लिहायचे.'

त्याच्याकडे बघून मला काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही. राग नव्हता एवढं नक्की.

मुख्याध्यापकांशी बोललो. शाळा भरायच्या आधीचा ४० मिनिटांचा शून्य तास आठवड्यातून चार दिवस मला दिला आहे. यादी फळ्यावर लावली नाही. प्रत्येकाला वेगळं सांगितलं. पहिल्या दिवशी १३ आले. दुसऱ्या आठवड्यात ८. आता रोज ८ किंवा ९ असतात. दोघं दूध डेअरीवर संकलनाला असतात, त्यांना ती वेळ जमणारच नाही, त्यांच्यासाठी मधल्या सुट्टीत काही करतोय. एकाला मनापासून यायचं नाही. तीनदा घरी गेलो. बाप म्हणाला, 'उद्यापासून पाठवतो.' मुलगा आतल्या खोलीत फोनवर गेम खेळत होता, बाहेर आला नाही. त्याच्यापुढे मी आज तरी हरलोय. आई_नोकरदार, तुम्ही लिहिलेलं त्या अंगणात उभा असताना आठवलं. या मुलाचं उत्तर माझ्याकडे नाही.

आलेल्यांपैकी पाच जणांना भागाकार येतो आहे. येतो म्हणजे दहापैकी सात वेळा बरोबर. एका मुलाने काल बाकी शून्य आल्यावर वही मलाच दाखवली नाही, शेजारच्याला दाखवली. मी न पाहिल्यासारखं केलं. बहुपदी अजून त्यांच्यापासून लांब आहे. वर्षअखेरच्या परीक्षेत यातले किती ३५ पर्यंत पोचतील माहीत नाही. नाही पोचले तर मला मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये पुन्हा त्याच खुर्चीत बसावं लागेल. १७ नंबरच्या फॉर्मचा विषय निघाला तर यंदा सही करणार नाही एवढं ठरवलं आहे. तसं त्यांना सांगूनही आलो.

आणि ती मागच्या बाकावरची मुलगी, जिचं नाव मला आठवलं नव्हतं, ती जोडाक्षरं अडणारीच आहे. आता नाव पक्कं आहे. माझ्या बायकोने तिला वाचायला घ्यायचं कबूल केलं आहे, ती प्राथमिकला आहे.

अडचण एक. मला चौथीच्या पुस्तकांतली उदाहरणं वापरायची आहेत, पण ही मुलं चौथीचं पुस्तक हातात धरायला तयार नाहीत. एकाने ते दप्तरात उलटं घालून ठेवलं. दुसऱ्या तुकडीतल्या कोणी पाहिलं तर उद्यापासून यायचा नाही. यावर कोणी काही केलं आहे का?

दहावी_तीनदा

पुस्तक देऊच नका सर. गणितं मी पाठवतो. एका मोटरीला ९६० ग्रॅम तार, सहा कॉइल, एका कॉइलला किती. डेअरीत १४ लिटर दूध, ३८ रुपयांनी, आठवड्याचा हिशेब. त्या डेअरीवाल्या दोघांना हा हिशेब तोंडी येत असणार, बघा विचारून. मग तोच कागदावर मांडायला लावा. रविवारी दुकान बंद असतं, बसून चाळीस-पन्नास लिहून काढतो. अक्षर माझं चांगलं आहे.

निवृत्त_बाई

याहून चांगलं मी सुचवू शकत नाही. फक्त छापील कागद नको. छापलेलं दिसलं की त्यांना परीक्षा वाटते. हाताने लिहून झेरॉक्स काढा. वर इयत्ता लिहू नका. आणि सर, पहिल्या कागदावर मुलांची नावं तुमच्या हाताने घाला, सगळ्या पंधरांची. जो येत नाही त्याचंही. त्याचा कागद रोज बाजूला ठेवा आणि शनिवारी घरी नेऊन द्या.

ऊसपट्टा

मलाही पाठवा ते कागद. आमची पोरं एप्रिलला येतील तेव्हा लागतील. उसाची मी घालतो त्यात, मोळ्या, टन, उचल, फिटलेली किती आणि राहिलेली किती. तो हिशेब त्यांना लवकर यायला पाहिजे.

खडूफळा

पाठवा. डेअरीवाल्यांना आज मधल्या सुट्टीत विचारलं. १४ गुणिले ३८ थोरल्याने तोंडी सांगितलं, ५३२, माझं लिहून होईपर्यंत. मग विचारलं, 'हे कागदावर मांडशील?' म्हणाला, 'ते गणित आहे होय सर?'